मराठी वाचता-लिहिता येतं. हिंदी लिहायला मुळाक्षरांपासून सुरुवात करावी लागेल का?

नाही. बाराखडी तुम्हाला पाठ आहे, 'ळ' तेवढा बाजूला ठेवा. पण 'लिपी तीच, मग शिकायचं काय?' असं मनात असेल तर ते साफ चूक आहे. हे वाक्य मी फार ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

मी नागपुरात मुद्रितशोधन करते, मराठी आणि हिंदी दोन्हीचं. एका प्रेसमधून हिंदी लग्नपत्रिकेचं प्रूफ आलं. शेवटची ओळ होती, 'आप सादर आमंत्रित है, सपरिवार पधारे'. मी 'है'वर आणि 'रे'वर लाल शाईनं अनुस्वार दिले. मालकांनी दोन्ही खोडले. म्हणाले, "ताई, घरें-दारें हे जुनं वळण झालं, आता कोण लिहितं?"

मराठीपुरतं ते खरंय. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार आपल्याकडून गेले. हिंदीतला हा अनुस्वार मात्र नाकातून उच्चारला जातो आणि अर्थ त्याच्यावरच असतो. एकासाठी 'है', अनेकांसाठी किंवा आदरानं 'हैं'. 'पधारें' म्हणजे यावं, 'पधारे' म्हणजे आले! शिवाय ऑपरेटरनं 'रामप्रसादजीकी सुपुत्री' असं सगळं चिकटवलं होतं. 'की' तोडायची माझी खूणही तशीच राहिली. मुलीच्या वडिलांनी गठ्ठा परत पाठवला. पाहुण्यांना 'आप है' म्हणून बोलवायचं त्यांना मान्य नव्हतं, आणि त्यांचं बरोबरच होतं. मालकांचं उत्तर एकच, "दोन टिंबांचा एवढा बाऊ कशाला? मराठीवाला कुणीही हिंदी तपासेल." हिंदी प्रूफाला ते मराठीपेक्षा कमी दर द्यायचे, तो काही त्यांनी वाढवला नाही.

तेव्हा तुम्ही टिंबांपासून सुरुवात करा. 'में', 'नहीं', 'हैं', 'किताबें' हे हातात बसू द्या. स्वर असाच नाकातून उच्चारायचा असेल आणि शिरोरेषेच्या वर मात्रा नसेल तिथे चंद्रबिंदू येतो: 'माँ', 'हाँ', 'मुँह'. 'हंस' हा पक्षी, 'हँस' म्हणजे हसणं.

मग नुक्ता. 'सड़क', 'पढ़ना' यांत ड-ढच्या खाली टिंब हवंच, पण 'डर', 'ढोल' यांत नाही, कारण 'ड़' आणि 'ढ़' शब्दाच्या सुरुवातीला येत नाहीत.

विभक्तिप्रत्यय नामापासून तोडायचे, सर्वनामाला जोडायचे: 'राम ने', पण 'उसने'. मराठी हात इथे हमखास घसरतो, मुलं दहावीपर्यंत 'रामने' लिहितात. शब्दाच्या शेवटी आपण 'कवी', 'गुरू' असं दीर्घ लिहितो, हिंदीत 'कवि', 'गुरु' ह्रस्वच राहतात. 'गये' की 'गए', 'नयी' की 'नई', यात केंद्रीय हिंदी निदेशालयाचा कौल 'गए' आणि 'नई'ला आहे.

'ल' आणि 'श'चं आपलं वळण बदलू नका. हिंदीवाल्यांना ते वाचता येतं. आज हिंदीत छापले जाणारे अ, झ, ण हे मुंबईच्या वळणाचेच आहेत. उत्तरेत पूर्वी ते वेगळे काढायचे.

एक सांगायचं राहिलं. बरीच हिंदी वर्तमानपत्रं चंद्रबिंदूच्या जागी सरळ टिंब छापतात आणि 'ज़', 'फ़'चा नुक्ता गाळतात. ते पाहून गोंधळू नका, तेवढी सूट चालते. पण 'हैं'वरचं टिंब आणि 'सड़क'चा नुक्ता सुटीत बसत नाही.

पत्रिका किंवा पाटी छापून घेणार असाल तर हिंदी तपासणाऱ्याला मराठीएवढेच पैसे द्या, आणि त्यानं लाल शाईनं दिलेलं टिंब विचारल्याशिवाय खोडू नका.