डोळ्यांच्या संशोधन संस्थांमध्ये नक्की काय चालतं? मोतीबिंदूची ऑपरेशनंच ना?

ते "ऑपरेशनंच ना" वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

2016 ला ऊस तोडताना आमच्या अण्णांच्या डोळ्याला पाचट लागलं. धोतराच्या सोग्यानं डोळा पुसला आणि दिवस मावळेपर्यंत कोयता चालूच. सकाळी डोळा लालभडक, तर धाकटे काका मेडिकलमधून ड्रॉप घेऊन आले, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. तो निघाला स्टेरॉइडचा. दोन दिवस लाली उतरली, काका खूश, आणि आत बुरशी मजेत वाढतेय, कारण स्टेरॉइड नुसती सूज दाबतं, बुरशीला उलट रान मोकळं. आठव्या दिवशी बुबुळावर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका.

मग उदगीरहून रेल्वेनं हैदराबाद, एल. व्ही. प्रसाद ही डोळ्यांची संस्था. तिथं डोळा बधिर करून बुबुळ जरासं खरवडलं, काचेच्या पट्टीवर घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, मायक्रोस्कोपखाली बुरशीचे धागे दिसले. औषध नॅटामायसिन, दुधासारखं पांढरं, बाटली हलवून तासाला एक थेंब, रात्रीसुद्धा. मोबाइलला गजर लावून मी बसलेला, अण्णांच्या पापणीला चुना फासल्यासारखा थर.

मी नेटवर वाचून शहाणा झालेलो, म्हटलं बुरशीवरचं ते दुसरं महागाचं औषध, व्होरिकोनाझोल, द्या की. तर डॉक्टर म्हणाले, मदुराईच्या अरविंद या डोळ्यांच्या हॉस्पिटलवाल्यांनी 323 पेशंटवर दोन्ही औषधं ताडून बघितलीत, 2013 ला निकाल आला, जुनं नॅटामायसिनच सरस, फ्युझेरियम नावाच्या बुरशीत तर फारच. आता सांगा, उसाच्या फडात डोळे जातात कुणाचे, आपलेच ना? मग हे बघायला आपल्याच संस्था लागणार. (पैसा अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटचा होता, तेही खरं.)

बाकी तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर कामं पुष्कळ आहेत. चुन्यानं, अ‍ॅसिडनं डोळा जळाला की चांगल्या डोळ्याच्या बुबुळाच्या कडेचा 2 मिलिमीटरचा तुकडा घेऊन त्याचे बारीक बारीक कण जळक्या डोळ्यावर चिकटवतात, पेशी तिथंच वाढतात. आधी त्या लॅबमध्ये वाढवाव्या लागायच्या. ही कण चिकटवायची पद्धत 2012 ला हैदराबादच्याच डॉक्टरांनी मांडली. आणि मोतीबिंदूला तरी नाक का मुरडता, अरविंदच्याच ऑरोलॅब या कारखान्यानं 1992 पासून डोळ्यात बसवायची लेन्स इथं बनवायला घेतली म्हणून ती गरिबाला परवडली.

मी डॉक्टर नाही, शेतकरी आहे. प्रत्येक लाल डोळा बुरशीचा नसतो, आणि स्टेरॉइड ड्रॉप डॉक्टरही देतात, पण तपासून. पाचट लागलं तर मेडिकलवाल्याला विचारू नका एवढंच.

अण्णांच्या डोळ्यात डाग राहिलाय, पण मोटार चालू करायला रात्री एकटे जातात. काका अजून म्हणतात, "माझ्याच ड्रॉपनं उतार पडला होता, हैदराबादला उगं पैसे घातले." काका, ती बाटली मी जपून ठेवलीय. दिवाळीला या, लेबल वाचून दाखवतो.