मुलगी पोलिसात गेली तर बदलून जाईल का?

ऐरोलीहून एका आईचं पत्र आलं आहे. त्यातला महत्त्वाचा भाग असा:

"माझी मुलगी ठाण्याच्या कॉलेजात बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. दहावीपासून तिचं एकच चाललंय, पोलीस व्हायचं. आमच्याकडे खात्यात कोणीच नाही. बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाला, त्यातल्या आरोपीची चकमक झाली तेव्हापासून विषय निघाला की घरात भांडण. मुलगा म्हणतो, बरं झालं, पोलिसांनीच न्याय केला. मिस्टर म्हणतात, वरून सांगितल्याशिवाय असं होत नाही, सगळे विकले गेलेत. मुलगी दोघांवर चिडते आणि ताट घेऊन आतल्या खोलीत जाते. मला त्या चकमकीतलं काही कळत नाही. मला एवढंच सांगा, चांगल्या मनाची मुलगी तिथे गेली तर ते खातं तिला बदलून टाकेल का? आणि शिपाई भरती द्यावी की पीएसआयचा अभ्यास करावा? उंची १५६ आहे, पळते चांगली."

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तिथे एका सेंटीमीटरची अडचण आहे. शिपाई भरतीत महिला उमेदवाराला १५५ सेंटीमीटर उंची लागते. एमपीएससीतून उपनिरीक्षक व्हायचं तर १५७, तीही अनवाणी. म्हणजे तुम्ही लिहिलेली उंची बरोबर असेल तर एक दार उघडं आहे आणि दुसरं बंद. तीन-तीन वर्षं अभ्यास करून, मुख्य परीक्षा पार करून मोजपट्टीखाली अडकलेली मुलं माझ्यासमोर बसून रडली आहेत. तेव्हा क्लासची फी भरायच्या आधी उंची नीट मोजून घ्या. दारामागच्या पेन्सिलच्या खुणेवर जाऊ नका.

आता खऱ्या प्रश्नाकडे येते.

काही वर्षांपूर्वी माझ्या जावेच्या गळ्यातलं मंगळसूत्र भर संध्याकाळी मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी ओढून नेलं. मानेवर लाल वळ उठला होता. आम्ही चौकीत गेलो. समोरच्या अंमलदारांनी पाणी दिलं, अगदी आपुलकीने बोलले, सगळं ऐकून घेतलं आणि कागद सहीसाठी पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, "मंगळसूत्र गहाळ झाले." जाऊ सही करायला वाकलीसुद्धा. मी म्हटलं, "साहेब, गहाळ नाही झालं, हिसकावून नेलंय." ते म्हणाले, "मॅडम, एकच आहे हो, शोधायचं तर आहेच."

एकच नव्हतं. गहाळ लिहिलं की गुन्हाच उरत नाही. गुन्हा नाही म्हणजे तपास नाही, आणि महिन्याच्या आकडेवारीत साखळीचोरी एकने कमी दिसते. आम्ही घरी येऊन तीन दिवस त्या माणसावर वाद घातला. दीर म्हणाले, चोरांशी संगनमत. सासूबाई म्हणाल्या, बिचारा चोवीस तास ड्युटी करून दमला असेल. मला वाटलं, आकडे कमी दाखवा म्हणून वरून दबाव असेल. तिघांपैकी कोण बरोबर, हे आजही माहीत नाही. त्यांच्या मनात काय होतं ते त्यांनाच ठाऊक. आम्हाला दिसला तो एक शब्द. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो तेव्हा टेबलावर एक महिला हवालदार होत्या. त्यांनी जावेच्या मानेकडे बघितलं, कागद वाचला, काही न बोलता तो बाजूला ठेवला आणि नवीन लिहायला घेतला. "जबरीने हिसकावून." घटनेची वेळ, मोटारसायकलचा रंग, मानेवरचा वळ, सगळं. मंगळसूत्र मिळालं नाही. पण त्या बाईंनी पेन उचललं तेव्हा माझ्या जावेने चोवीस तासांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला, तो मी पाहिलाय.

तुमच्या घरातलं भांडण मला याच जागी अडकलेलं दिसतं. तुमचा मुलगा पोलिसांच्या हेतूवर बोलतो, मिस्टरही हेतूवरच बोलतात. एकाला तो शुद्ध वाटतो, दुसऱ्याला विकलेला. असा वाद वर्षभर चालला तरी संपणार नाही. कोणी काय केलं, कधी केलं, कागदावर काय लिहिलं, याला मात्र उत्तर मिळतं, कधी कधी खूप उशिरा.

२३ सप्टेंबर २०२४ च्या संध्याकाळी तळोजा कारागृहातून आरोपीला घेऊन निघालेल्या गाडीत, मुंब्रा बायपासजवळ तो गोळी लागून मेला. त्याने पोलिसाचं पिस्तूल ओढून गोळीबार केला आणि स्वसंरक्षणात त्याला गोळी घातली, असं पोलिसांचं म्हणणं. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल उच्च न्यायालयापुढे आला. त्यात गाडीतल्या पाच पोलिसांना मृत्यूला जबाबदार धरलं होतं आणि पिस्तुलावर आरोपीच्या बोटांचे ठसे नसल्याचं नमूद होतं. त्यांच्यावरचा दोष कोर्टात शाबीत व्हायचा तर तो पुराव्याने होईल. तुमच्या मुलाने पेढे वाटले म्हणून ते निर्दोष ठरणार नाहीत, आणि मिस्टरांना खात्री आहे म्हणून दोषीही ठरणार नाहीत. योगायोग बघा, चकमकीत मृत्यू झाल्यास तपास कसा करायचा याचे नियम सर्वोच्च न्यायालयाने घालून दिले तेही २३ सप्टेंबरलाच, बरोबर दहा वर्षं आधी, २०१४ मध्ये, आणि तेही महाराष्ट्रातल्या चकमकींवरच्या याचिकेत.

पण ताई, मला त्या गाडीपेक्षा आधीचा एक प्रसंग जास्त छळतो. त्या दोन चिमुरड्यांचे आईवडील तक्रार घेऊन गेले तेव्हा गुन्हा नोंदवायला पोलीस ठाण्यात तासन् तास लागले. दखलपात्र, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करू शकतात अशा, गुन्ह्याची खबर मिळाली की नोंद केलीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी निकालात २०१३ मध्येच सांगून ठेवलंय. तरीही लागले. २० ऑगस्टला लोक बदलापूर स्टेशनात रुळांवर उतरले ते त्या रागाने. त्यानंतर अधिकारी निलंबित झाले. सगळा महाराष्ट्र मुंब्रा बायपासवर काय झालं यावर वाद घालत बसला. पण लोकांचा विश्वास त्याआधीच, त्या टेबलापाशी गेला होता. त्या टेबलावर त्या दिवशी "बसा ताई, सांगा" म्हणून लगेच लिहायला घेणारी एखादी बाई असती तर? तुमच्या मुलीची खरी जागा मला तिथे दिसते.

आता खातं तिला बदलेल का. खोटं बोलत नाही, बदलतं. मुलं आत गेली की पहिल्या दोन वर्षांत आवाज चढतो, शिव्या येतात, संशय घ्यायची सवय लागते. सण आपले नसतात, बंदोबस्ताचे असतात. महिला पोलिसांसाठी आठ तासांच्या ड्युटीचा आदेश २०२२ च्या सुरुवातीला निघाला, पण गणपतीत, निवडणुकीत घड्याळाला कोण विचारतं? एवढा बदल मी कुठल्याही नोकरीत धरून चालते. भीती वेगळ्या बदलाची वाटते. "साहेबांनी सांगितलं" हे उत्तर तोंडात बसतं, तो बदल.

त्यासाठी तिला तुमच्याच नवी मुंबईतलं प्रकरण वाचायला सांगा. ११ नोव्हेंबर २००६ ला रामनारायण गुप्ता ऊर्फ लखन भैया आणि त्याचा एक मित्र यांना वाशीतून उचललं. त्याच दिवशी संध्याकाळी वर्सोव्यात चकमकीत तो मेल्याचं पोलिसांनी जाहीर केलं. त्याचा भाऊ वकील. भाऊ उचलला गेल्याचं कळताच, मृत्यू जाहीर व्हायच्या आधीच, त्याने पोलीस आयुक्तांना तारा केल्या होत्या. त्या तारांवरच्या वेळा पुढे कोर्टात उभ्या राहिल्या. महत्त्वाचा साक्षीदार असलेल्या मित्राचा साक्षीच्या तोंडावर, २०११ मध्ये खून झाला. तरीही २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने २१ जणांना जन्मठेप दिली, त्यात १३ पोलीस होते. १९ मार्च २०२४ ला उच्च न्यायालयाने पोलिसांच्या शिक्षा कायम केल्या आणि आधी निर्दोष सुटलेले अधिकारी प्रदीप शर्मा यांनाही जन्मठेप सुनावली. ते सर्वोच्च न्यायालयात गेले आहेत.

मुलीला या प्रकरणातली एकच गोष्ट नीट दाखवा. त्या १३ जणांत नुसते मोठे साहेब नव्हते. हवालदार-शिपाईही होते. वर्तमानपत्रात ज्यांचे फोटो छापून येत नाहीत, ज्यांची मुलं शाळेत असतात, घराचे हप्ते चालू असतात, असे लोक. शिपाई म्हणून भरती व्हायचं असेल तर हे तिला आजच माहीत असलं पाहिजे.

मग टिकायचं कसं? माझी एक जुनी विद्यार्थिनी उपनिरीक्षक आहे. गेल्या दिवाळीत फराळाला आली होती. मारहाणीची एक केस होती, बाईचं डोकं फुटलेलं. वरिष्ठ म्हणाले, "नवरा-बायकोचं आहे, एनसी घेऊन टाका." एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. ही पोरगी आवाज न चढवता म्हणाली, "हो सर. आपल्या सांगण्यावरून एनसी घेतली अशी डायरीला नोंद करते." साहेब मिनिटभर गप्प. मग म्हणाले, "घ्या, गुन्हा घ्या." मी विचारलं, पुढे त्रास झाला का? म्हणाली, "झाला ना मॅडम. सहा महिने बंदोबस्तच बंदोबस्त." चकली खात सांगत होती, आणि चेहऱ्यावर पश्चात्ताप औषधालाही नव्हता. हे असं बोलायला तिला कोणी वीरश्री शिकवली नव्हती. तिला कायदा पाठ होता आणि स्टेशन डायरीत एकदा पडलेली नोंद पुसता येत नाही हे माहीत होतं.

म्हणून अभ्यासाबरोबर तिला अटकेच्या नियमांवरचा सर्वोच्च न्यायालयाचा डी. के. बसू निकाल वाचू द्या, १९९६ चा. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव हवं, अटकेच्या पंचनाम्यावर वेळ आणि साक्षीदाराची सही हवी, नातेवाइकांना कळवायला हवं, कोठडीतल्या माणसाची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी हवी. यातलं एकही कलम आरोपीचे लाड करत नाही. प्रामाणिक पोलिसाच्या हातात ते ढाल म्हणून येतं. उद्या तिच्यावर खोटा आरोप झाला तर तिला हेच कागद वाचवतील. आणि तिचं स्वतःचं काही चुकलंच तर लोकांना तिच्याविरुद्ध तक्रार करायला राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, हेही तिला ठाऊक असू दे. पोलीस सुधारणांवरच्या २००६ च्या प्रकाश सिंग निकालानंतर, २०१४ मध्ये आपल्या राज्याने कायद्यात दुरुस्ती करून त्याची तरतूद केली.

तुमच्या मुलालाही एक सांगा, माझ्याकडून. टाळ्यासुद्धा दबावच असतात. ज्या अधिकाऱ्याला लोक खांद्यावर घेतात त्याला पुढच्या वेळी कागद नीट करायला वेळ कोण देणार? मिस्टरांना सांगा, सगळे विकलेले असते तर तुकाराम ओंबळे २६/११ ला गिरगाव चौपाटीवर कसाबच्या बंदुकीची नळी धरून उभे राहिले नसते. हातात काठी होती फक्त. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. सहायक उपनिरीक्षक होते ते, आयपीएस नव्हे.

आता काय करायचं ते. माझं मत विचाराल तर उंची १५७ भरली नाही तरी वाईट वाटून घेऊ नका, शिपाई भरती द्या. मैदानी ५० गुण, मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, आणि लेखी १०० गुण मराठीत. पळते चांगली म्हणता, पण गोळ्याकडे मुली दुर्लक्ष करतात आणि तिथेच गुण जातात. महिलांसाठी ३० टक्के समांतर आरक्षण आहे. आत गेल्यावर बढतीने वर चढता येतं. आणि वर्षभराने मन बदललं तर पदवीनंतर तीन वर्षांचं एलएलबी आहेच. सहायक सरकारी अभियोक्त्याचं पद एमपीएससीतूनच भरतात. पोलिसांच्या वागण्यावर एवढं चिडणाऱ्या मुलीला ते कामही मनापासून आवडू शकतं. हे दुसऱ्या नंबरचं म्हणून सांगत नाहीये.

फॉर्म भरायच्या आधी मात्र तिला एक काम द्या. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात जायचं. खटले उघड्या कोर्टात चालतात, मागच्या बाकावर कोणालाही बसता येतं. फोन बंद ठेवायचा. एखाद्या तपासी अधिकाऱ्याची उलटतपासणी चालू असेल तिथे बसायचं. बचावाचा वकील विचारतो, "पंचनामा किती वाजता सुरू केला? संपला किती वाजता? पंच कुठून आणले? मग डायरीत ही वेळ का नाही?" आणि अनुभवी अधिकारी घाम पुसत उभा असतो. दोन-तीन दिवस तिने ते बघितलं आणि तरीही घरी येऊन म्हणाली, मला त्या पिंजऱ्यात उभं राहून खरं सांगता येईल, तर तिला थांबवू नका.

तिने काय बघितलं ते मला जरूर कळवा. आणि उंची सकाळीच मोजा. उठल्यावर माणूस किंचित उंच भरतो.