वाचक विचारतात : हात दुखतो, किटण मात्र तसंच

प्रश्न : मी कोथरूडच्या एका दवाखान्यात डेंटल हायजिनिस्ट (पेशंटचे दात साफ करणारी) आहे. संध्याकाळपर्यंत अंगठ्याचं मूळ ठणकायला लागतं. भरपूर जोर लावते, तरी पुढच्या भेटीत पेशंटच्या दाताच्या मुळावर खडबडीत लागतंच. पेशंटही कळवळतात. काय चुकतंय?

उत्तर : हाताला दोष देण्याआधी क्युरेटची (किटण खरवडायच्या हाती अवजाराची) धार बघा. बोथट पातं किटणाच्या थराखाली शिरत नाही, वरून घसरतं. वरचा भाग निघतो आणि उरलेला थर घासून गुळगुळीत होतो. त्या वेळी सगळं साफ झाल्यासारखं वाटतं, पण काही आठवड्यांनी त्यावर नवं किटण चढलं की मूळ पुन्हा खडबडीत लागतं. धार नाही म्हणून तुम्ही जोर लावता, जोर लावला की पेशंटला दुखतं आणि तुमचा अंगठाही भरून येतो.

पात्याची कड दिव्याखाली फिरवून पाहा. बोथट कडेवर उजेडाची बारीक रेघ चमकते, धारदार कडेवर ती दिसत नाही. अ‍ॅक्रिलिकच्या काडीवर टेकवल्यावर धारदार पातं रुततं, बोथट घसरतं.

धार लावताना पात्याची सपाट बाजू जमिनीला समांतर धरा आणि दगड तिच्याशी 100 ते 110 अंशांत ठेवा. छोटे वर-खाली स्ट्रोक घ्या आणि शेवट खालच्या स्ट्रोकनेच करा, नाहीतर कडेला धातूची बारीक कुसळं राहतात. ग्रेसी प्रकारच्या क्युरेटची एकच कड कापते, तीच घासायची. टोकाची गोलाई जपा. ती गेली की क्युरेट हिरडी फाडतं. पातं फार बारीक झालं असेल तर मोह न धरता टाकून द्या, ते पॉकेटमध्ये, म्हणजे हिरडी आणि दातामधल्या खोल फटीत, तुटू शकतं. धार लावल्यावर पुन्हा ऑटोक्लेव्ह (वाफेच्या यंत्रात निर्जंतुक) करायचं, हे सांगायला नकोच.

आता हात. पातं जवळजवळ बंद कोनात हिरडीखाली सरकवा, मग 70 ते 80 अंशांपर्यंत उघडा. अनामिका जवळच्या दातावर टेकलेली हवी आणि हालचाल मनगट व कोपराखालच्या हातातून यायला हवी, बोटांतून नव्हे. बोटांची पेरं पांढरी पडत असतील तर पकड घट्ट आहे. दाढांच्या पुढच्या बाजूला 11/12 क्रमांकाचं ग्रेसी, मागच्या बाजूला 13/14. एकाच क्युरेटने सगळं उरकायला गेलं की मनगट वाकडं होतं. पेशंटचं तोंड तुमच्या कोपराच्या उंचीला आणा. वरच्या जबड्यासाठी त्याची हनुवटी वर करा, तुमची मान खाली नको.

मोठं किटण अल्ट्रासॉनिक स्केलरवर (कंपनांनी किटण काढणाऱ्या मशीनवर) सोडा. टिपची बाजू दाताला लावा, टोक नको. टिप 1 मिलिमीटर झिजली की सुमारे पाव क्षमता जाते, 2 मिलिमीटर झिजली की निम्मी, तेव्हा ती बदलाच. मोजायला कंपनीचं कार्ड मिळतं, ते ड्रॉवरमध्ये ठेवा. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट मुंग्या येऊन बधिर होत असेल तर वाट न पाहता अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : सासूबाई (हडपसर) वर्षानुवर्षं मशेरी लावतात. दात साफ केल्यापासून फटी दिसतात, गार पाणी झोंबतं. ‘मशीनने दात हलले’ म्हणतात. खरं आहे का?

उत्तर : नाही. दातांभोवतीचं हाड आधीच खचलेलं होतं. किटणाने फटी बुजवल्या होत्या आणि हलणारे दात एकमेकांना बांधून ठेवले होते. ते निघाल्यावर खरी अवस्था दिसली. उघडी पडलेली मुळं काही दिवस झोंबतात. पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट वापरा आणि फटींसाठी इंटरडेंटल ब्रश घ्या. तो हलक्या हाताने आत जायला हवा, ढकलावा लागला तर एक आकार लहान घ्या.

आमच्या मते इथे चूक बहुतेक वेळा सांगण्याच्या वेळेची असते. हायजिनिस्टनी आरसा हातात देऊन हे आधीच दाखवायला हवं, नंतर सांगितलेलं सबबीसारखं वाटतं. आणखी एक : मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे हिरडीचा आजार असूनही रक्त कमी येतं आणि सगळं ठीक वाटतं. मशेरी बोटाने जिथे चोळतात, त्या गालाच्या घडीत आणि ओठांच्या आत पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, तर डेंटिस्टना दाखवा.

प्रश्न : मुलगी 12वी सायन्सला आहे. हायजिनिस्ट व्हायला काय लागतं?

उत्तर : दोन वर्षांचा डिप्लोमा आणि राज्य दंत परिषदेकडे नोंदणी. या नोंदणीची तरतूद 1948च्या दंतवैद्यक कायद्याने केली. काम डेंटिस्टच्या देखरेखीखाली करायचं. प्रवेश घेताना स्वतःच्या हाताने किती पेशंटवर काम करायला मिळतं ते विचारा. पेशंटना हात लावण्याआधी हिपॅटायटिस बीचे तीन डोस (0, 1 आणि 6 महिने) सुरू करा. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडी तपासा, 10 mIU/mLच्या वर हव्यात.

प्रश्न : वाघोलीत दवाखाना टँकरच्या पाण्यावर चालतो. अवजारांवर पांढरे आणि तपकिरी डाग पडतात, स्केलरचं पाणी कमी येतं.

उत्तर : पांढरे डाग क्षारांचे. ऑटोक्लेव्हमध्ये फक्त डिस्टिल्ड पाणी घाला, जड पाण्याने हीटर आणि व्हॉल्व्हवर थर बसतो. स्केलरची बारीक नळीही त्यानेच तुंबते, टिप तापते आणि पेशंट ओरडतो. स्केलरच्या पाण्याच्या बाटलीत डिस्टिल्ड पाणी भरा आणि रोज संध्याकाळी ती रिकामी करून सुकवा. सकाळी दोन मिनिटं, प्रत्येक पेशंटनंतर 20 ते 30 सेकंद पाणी सोडून द्या.

तपकिरी डागावर खोडरबर घासा. निघाला तर तो डाग, खाली खड्डा दिसला तर गंज. गंजलेलं अवजार बाजूला काढा, तो गंज इतर अवजारांनाही लागतो. रक्त सुकू देऊ नका, ब्लीचमध्ये बुडवून ठेवू नका. अवजारांचे पाऊच ऑटोक्लेव्हमध्ये एकमेकांवर दाबून भरले तर वाफ आत पोहोचत नाही आणि ते ओले निघतात. ओला पाऊच निर्जंतुक धरायचा नाही, पुन्हा पॅक करून लावायचा.