घरात एक माळकरी, एक विपश्यनावाला, एक नास्तिक. तिघांना पटेल असं काही असतं का?

तुम्ही लिहिलंय की वडील माळकरी, तुम्ही इगतपुरीला शिबिरं करून आलेले, धाकटा भाऊ देवच मानत नाही, आणि आईचं वर्षश्राद्ध जवळ आल्यापासून घरात नीट बोलणं बंद झालंय, तर तिघांना मान्य होईल असं एखादं तत्त्वज्ञान आहे का. वाचून खरंच वाईट वाटलं. मी नाशिकचीच, सातपूरला राहते, माहेर माळकऱ्यांचं, ऑफिसात डबा खायला शेजारी एक बौद्ध मैत्रीण आणि एक नाशिकरोडची ख्रिश्चन मैत्रीण, त्यामुळे हा विषय माझ्या अगदी जवळचा आहे. उत्तर जरा लांबेल.

आधी एक सांगते, "सगळे धर्म शेवटी एकच सांगतात" हे वाक्य घरात काढू नका. ते खरं नाही आणि त्याने माणूस जोडला जात नाही, उलट दुखावतो. तुमच्या वडिलांचा विठ्ठल समोर उभा आहे, त्याच्याशी भांडता येतं, रडता येतं. तुम्ही ज्या बुद्धाच्या वाटेवर बसता तिथे कायम टिकणारा आत्माच नाही, अनात्म म्हणतात ते. आणि भावाला दोन्ही नको. हे तिन्ही एकात बसत नाही आणि बसवायची गरजही नाही. माझ्या मैत्रिणीला एकदा एका बाईंनी अगदी प्रेमाने म्हटलं, अगं बुद्ध म्हणजे विष्णूचाच अवतार, आपण एकच की. ती गप्प बसली, मला मात्र तिचा चेहरा बघवला नाही, कारण बाबासाहेबांनी १९५६ ला नागपूरला ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या त्यातली पाचवी नेमकी हीच आहे, बुद्ध विष्णूचा अवतार आहे असं मी मानणार नाही. आणि हे नाशिकमध्ये बोलायचं, जिथे २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, पुढे पाच वर्षं प्रयत्न करूनही दलितांसाठी दार उघडलं नाही आणि १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांना सांगावं लागलं की हिंदू म्हणून मरणार नाही. एवढं सगळं सोसून जी माणसं वेगळी झाली त्यांना आपण एका वाक्यात "एकच" करून टाकायचं हे बरोबर नाही. वेगळं आहे ते वेगळं आहे असं आधी मान्य करा, मग पुढचं बोलता येतं.

आता पुढचं कुठे सापडतं, तर मला ते आपल्या नाशिकच्या पांडवलेणीत सापडलं. आपण सगळे तिथे शाळेच्या सहलीला गेलेलो असतो, फोटो काढतो, खाली येतो. पुढच्या वेळी १० नंबरच्या लेण्यात जरा थांबा, व्हरांड्यात भिंतीवर ब्राह्मी लेख आहेत. क्षत्रप म्हणजे शक राजा नहपान, त्याचा जावई उषवदात, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा, त्याने आपली दानं लिहून ठेवलीयेत. देवांना आणि ब्राह्मणांना १६ गावं दिली, वर्षभर लाख ब्राह्मणांना जेवू घातलं, धर्मशाळा बांधल्या, तापीसकट कितीतरी नद्यांवर लोकांसाठी फुकट होड्या ठेवल्या, आणि हे सगळं सांगून झाल्यावर तोच माणूस म्हणतो की त्रिरश्मी डोंगरात, म्हणजे पांडवलेणीच्याच डोंगरात, हे लेणं बौद्ध भिक्खूंसाठी कोरलं. एवढ्यावर थांबला नाही तो. भिक्खूंच्या कपड्यांसाठी त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, २००० कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेवले (गोवर्धन म्हणजे आपलं गंगापूरकडचं गाव तेच), महिना शेकडा एक दराने व्याज, मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. तुम्ही हिशोब करून बघा, वर्षाला २४० होतात, आणि लेखात लिहिलंय की पावसाळ्यात इथे राहणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२. बरोब्बर जुळतं! मी पहिल्यांदा हा गुणाकार केला तेव्हा अंगावर काटा आला होता.

आता बघा, देणारा ब्राह्मणांना गोदान करणारा, घेणारे वेद न मानणारे भिक्खू, आणि मध्ये पैसा सांभाळणारे विणकर, त्यांचा देव कोणता ते कुठेच लिहिलेलं नाही कारण तो प्रश्नच नव्हता. आत्मा आहे की नाही यावर कुणाचं एकमत करायला तो गेला नाही. पावसाळ्यात अंगावर कपडा पाहिजे यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. (शेजारच्या ११ नंबरात नंतरच्या काळातल्या जैन मूर्ती आहेत, तेही बघा.)

वडील आणि भाऊ यांच्यात काय समान असणार असं तुम्हाला वाटत असेल, तर जादूटोणाविरोधी कायदा आठवा. कित्येक वारकऱ्यांना भीती होती की उद्या वारी नि कीर्तनावरच बंदी येईल, त्यामुळे विरोध झाला, चर्चा झाल्या, मसुदा बदलत गेला. या कायद्यासाठी झटणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये कायदा झाला त्यात यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन यांना हात लागणार नाही असं स्पष्ट लिहिलंय, आणि गुन्हा कशाला म्हणायचं तर अघोरी प्रकार आणि चमत्काराच्या नावाने लोकांना लुबाडणं. श्रद्धेच्या नावाने फसवणारा माणूस तुमच्या वडिलांनाही नकोय आणि भावालाही. त्यावर दोघांना बोलतं करा, तासभर एकमेकांच्या बाजूने बोलतील.

तुमचं आणि वडिलांचं मला फार अवघड वाटत नाही. शिबिरात दहा दिवस माळ, जप, पूजा सगळं बाजूला ठेवायला सांगतात हे त्यांना लागलं असणार, माळकऱ्याला ते लागतंच. तो नियम शिबिरापुरता असतो हे त्यांना शांतपणे सांगितलंत का कधी? आणि हेही सांगा की तिथे फी नसते, आधी येऊन गेलेल्यांच्या दानातून आपण जेवतो. दिंडीत पंगतीला बसलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही.

राहिलं श्राद्ध. वडिलांना रामकुंडावर विधी करायचाय तर होऊ दे, तुम्हाला चालत असेल तर तुम्ही बसा. भावाला पिंडासमोर बसायची सक्ती नको, पण त्या दिवशी त्याने घरात असावं, स्वयंपाकाला हात लावावा, वाढावं, आईच्या आठवणी सांगाव्यात, यात त्याच्या नास्तिकपणाला काही होत नाही. आणि शक्य असेल तर तिघांनी मिळून आईच्या नावाने एक एफडी करा, मुद्दल मोडायचं नाही, व्याजातून दरवर्षी एक काम. निवृत्तीनाथांची पालखी निघते तेव्हा दिंडीतल्या बायकांना चपला किंवा रेनकोट, नाहीतर एखाद्या मुलीची पुस्तकं, आईला काय आवडलं असतं ते तुम्हालाच माहीत.

फक्त हे ताटावर बसून काढू नका. आधी भावाशी बाहेर कुठेतरी बोला, मग वडिलांशी एकट्याने, संध्याकाळचा हरिपाठ झाला की. श्राद्ध कसं निरर्थक आहे हे त्यांना पटवायला दोघांपैकी कुणीही जाऊ नका, त्यांची बायको गेलीये. एफडी किती रुपयांची ते भावाला ठरवू द्या, आणि व्याज कशाला वापरायचं ते वडिलांना.