वाचकांचे प्रश्न : ब्रश दिसला की तोंड घट्ट मिटणारे मूल

प्रश्न : आम्ही कोथरूडला राहतो. आमचा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. पहिले दात आले तेव्हा बोटात घालायच्या मऊ ब्रशने मी ते पुसत असे आणि त्याला त्याची गंमत वाटे. गेल्या तीन महिन्यांपासून मात्र ब्रश दिसला की तो ओठ घट्ट मिटतो, मान फिरवतो आणि जबरदस्ती केली तर इतका आकांत करतो, की शेजारच्या काकू दारावर येऊन चौकशी करतात. कधी ब्रश दातांत पकडून ठेवतो, पेस्ट चाटून टाकतो आणि ‘झालं’ म्हणून पळून जातो. आम्ही दोघेही नोकरी करतो. सव्वाआठला त्याला पाळणाघरात सोडायचे असते, त्यामुळे सकाळी बेसिनपाशी रोज ओढाताण होते आणि पुष्कळदा आम्हीच माघार घेतो. रात्री तो दुधाची बाटली पीत पीतच झोपतो, म्हणून रात्रीचा ब्रश होत नाही. सासूबाई म्हणतात, ‘दुधाचे दात आज ना उद्या पडणारच, लेकराला कशाला एवढं रडवता?’ त्यांचे म्हणणे मला पटत नाही, पण त्याला रडवताना माझेही मन घट्ट राहत नाही. काय करावे?

— एक आई, कोथरूड

उत्तर : सासूबाईंच्या बोलण्यामागची माया खरी आहे, म्हणून त्यांच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते. दुधाचे दात पडतात हे खरे. पण सगळे एकदम पडत नाहीत. पटाशीचे दात सहाव्या-सातव्या वर्षी हलू लागतात, तर दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे तुमच्या मुलाच्या ज्या दाढा आत्ता येत आहेत, त्यांच्यावर त्याला पुढची आठ-दहा वर्षे पोळी-भाजी चावून खायची आहे. शिवाय दुधाच्या दातांवरचे कठीण आवरण कायमच्या दातांपेक्षा पातळ असल्याने कीड लवकर आत शिरते, ठणका लागतो, मूल एका बाजूने जेवू लागते आणि रात्री झोपेतून उठून रडते. दाढ वेळेआधी काढावी लागली, तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताची वाट अडते. सासूबाईंना हे असे सांगितले तर त्या तुमच्या बाजूने उभ्या राहतील, असा माझा अनुभव आहे. नातवाला दाढदुखी व्हावी असे कोणत्याही आजीला वाटत नाही.

आता तो तोंड का मिटतो, ते पाहू. साधारणपणे तेविसाव्या ते तेहतिसाव्या महिन्यांच्या दरम्यान दुधाच्या मागच्या दाढा येतात. त्या येताना हिरडी सुजते आणि नेमक्या त्याच जागी ब्रश टेकला की दुखते. तुमच्या मुलाचे वय आणि तक्रार सुरू झाल्याचा काळ पाहता हे कारण फार संभवते. हात स्वच्छ धुऊन मागच्या हिरडीवरून हळूच बोट फिरवून पाहा. तिथे फुगीर, टणक काही लागले, तर त्या बाजूला काही दिवस अगदी हलका हात ठेवा.

दुसरे कारण बहुतेक पालकांच्या लक्षात येत नाही. वरचा ओठ वर उचलून पाहा. ओठाच्या आतून निघून समोरच्या दोन दातांच्या मधोमध हिरडीला चिकटलेली एक पातळ घडी दिसेल. घाईघाईने आडवा ब्रश फिरवला की ब्रशचा प्लास्टिकचा कडक भाग या घडीवर आपटतो आणि ते चांगलेच दुखते. माझी मुलगी दोन वर्षांची असताना मी हीच चूक कित्येक दिवस करत होते. मी स्वतः मुलांची दंतवैद्य असूनही ती हट्टीपणा करते असेच मला वाटत राहिले, आणि एका रात्री ओठाच्या आत रक्ताचा बारीक ठिपका दिसला तेव्हा माझे मलाच फार वाईट वाटले. उपाय सोपा आहे. डाव्या हाताची तर्जनी वरच्या ओठाखाली आडवी घालून त्या घडीवर झाकणासारखी ठेवायची, आणि मगच समोरचे दात घासायचे. एवढ्या एका बदलाने शांत झालेली मुले मी पाहिली आहेत.

तिसरे कारण वयाचे आहे. सव्वादोन वर्षांच्या मुलाला ‘मी’ आणि ‘माझं’ हे नुकतेच उमगलेले असते, आणि स्वतःचे तोंड ही त्याची अगदी स्वतःची जागा असते. तिथे कोणी विचारल्याशिवाय हात घातला तर तो विरोध करणारच. अशा वेळी दात घासायचे की नाही हा निर्णय त्याच्यावर सोडू नये, मात्र कसे घासायचे यातल्या बऱ्याच गोष्टी सोडाव्यात. ‘ब्रश करू या का?’ असे विचारले तर ‘नाही’ हेच उत्तर मिळेल. त्याऐवजी ‘हिरवा ब्रश घ्यायचा की पिवळा?’, ‘आईच्या मांडीवर की बाबांच्या?’, ‘आधी वरचे दात की खालचे?’ असे विचारावे.

माझा सर्वांत मोठा आग्रह मात्र जागेबद्दल आहे. बेसिन सोडा. उभ्या, हलणाऱ्या मुलाच्या तोंडात समोरून ब्रश घालताना आपल्याला आतले काही दिसत नाही, त्याची मान मागे झुकते, तोल जातो आणि त्याला भीती वाटते. मध्यंतरी एक वडील जवळजवळ तुमच्यासारखीच तक्रार घेऊन माझ्याकडे आले होते. खुर्चीवर मुलाने तोंड उघडलेच नाही, म्हणून मी चटई अंथरली आणि वडिलांना मांडी घालून बसायला सांगितले. मुलाचे डोके त्यांच्या मांडीच्या खळग्यात, पाय समोर, तोंड छताकडे. त्यांनी डाव्या हाताने हनुवटी अलगद धरली, तर्जनीने ओठ उचलला आणि पहिल्यांदाच त्यांना मुलाच्या वरच्या दाढा दिसल्या. एका दाढेच्या खाचेत दुपारच्या बिस्किटाचा पिवळट लगदा तसाच बसलेला होता. ते म्हणाले, ‘अहो, मी आजवर नुसते पुढचे चार दातच घासत होतो.’ बाळाला न्हाऊ-माखू घालताना आपल्याकडे ते पायांवर आडवे घेतात. ही बैठक त्याच जातीची आहे आणि म्हणूनच मुलांना ती परकी वाटत नाही. हे पलंगावर, सोफ्यावर, कुठेही करता येते. पाणी लागत नाही, बेसिन लागत नाही. घरात दोघे असाल तर गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसा. मुलाचे पाय एकाच्या कमरेभोवती आणि डोके दुसऱ्याच्या मांडीवर. एकाने त्याचे हात हातात घेऊन बोलत राहावे, दुसऱ्याने घासावे.

ब्रशचे डोके लहान आणि केस मऊ असावेत. ब्रश हिरडी आणि दात जिथे मिळतात त्या कडेवर टेकवून लहान लहान गोल फिरवावा. आडवे खरखर घासू नये. पुढचे दात सगळेच घासतात, म्हणून मागून सुरुवात करावी. दुसरा एक ब्रश त्याच्या हातात द्या. तो चावेल, फिरवेल, बाहुलीचे दात घासेल, घासू दे. त्याचा वाटा झाला की ‘आता आईची पाळी’ एवढे म्हणून तुमचा ब्रश घ्या. तोंड उघडेना तर ‘अरे, इथे वरणभात लपून बसलाय, आणि इकडे कोपऱ्यात पोळी!’ असे म्हणत, त्या दिवशी तो खरोखर जे जेवला त्याची नावे घेत एकेक दाढ गाठावी. मुलांना आपण काय खाल्ले ते ऐकायला फार आवडते आणि पुढचा पदार्थ शोधायला ती स्वतःच तोंड उघडतात. मोबाइल समोर धरून ब्रश करण्याची पद्धत मला पसंत नाही. चार दिवस ती चालते, मग मोबाइलशिवाय तोंड उघडत नाही. ‘डॉक्टर सुई टोचतील’ ही धमकी तर अजिबात देऊ नये, कारण पुढे खरोखरच दंतवैद्याकडे जावे लागले तर मूल आधीच थरथरत येते.

सकाळची लढाई तूर्त सैल करा आणि सगळा जोर रात्रीवर लावा. झोपेत लाळ कमी होते, त्यामुळे दातांना चिकटलेली साखर धुऊन जात नाही आणि तिच्यावर वाढणारे जंतू रात्रभर आम्ल तयार करत राहतात. दुधातही साखर असते, वरून घातलेली नसली तरी. बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलांचे वरचे पटाशीचे दात सर्वांत आधी किडतात. खालच्या दातांवर जीभ येते म्हणून ते काही काळ वाचतात. तेव्हा तुमच्या पत्रातली मला सर्वाधिक काळजीची वाटलेली गोष्ट ब्रशची नसून बाटलीची आहे. ती एका रात्रीत बंद करू नका. प्रथम दुधातली साखर, मध, पावडर काढून टाका. मग दर तीन-चार दिवसांनी बाटलीत दुधाचा भाग थोडा कमी करून पाण्याचा वाढवा, म्हणजे दोन-तीन आठवड्यांत बाटलीत फक्त पाणी राहील. दिवसाचे दूध जेवणाबरोबर पेल्यातून द्या. आणि ब्रश झोपेच्या वेळी दहाला न करता, रात्रीचे जेवण झाले की लगेच, आठ-साडेआठला करा. पेंगुळलेल्या मुलाकडून सहकार्याची अपेक्षा ठेवणे हा त्याच्यावरही अन्याय आहे. त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. सर्दी-खोकल्याचे गोड औषध रात्री द्यायचे असेल तर तेही ब्रशच्या आधी द्यावे.

पेस्ट फ्लोराइडची घ्यावी आणि तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढीच, ब्रशच्या केसांत दाबून लावावी. जाहिरातीत दाखवतात तशी लांब पट्टी नको. ट्यूबवर फ्लोराइडचे प्रमाण 1000 पीपीएमच्या आसपास आहे ना, ते वाचून घ्या, कारण मुलांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड नसतेच. या वयात थुंकता येत नाही. दाण्याएवढी पेस्ट पोटात गेली तरी चालते. मुले पुदिन्याच्या पेस्टला ‘तिखट’ म्हणतात आणि ते त्यांना खरेच झोंबते, तेव्हा सौम्य चवीची पेस्ट शोधावी.

एवढे करूनही काही रात्री तो रडेल. ताप नसेल, तोंड आलेले नसेल, तर त्या रात्री ब्रश सोडू नका. मात्र रागाने, नाक दाबून किंवा ब्रश खुपसून करू नका. त्याला मांडीवर घ्या, ‘तुला नको वाटतंय, मला कळतंय, दहा मोजते, मग संपलं’ असे सांगा, दहा मोजा आणि दहाला खरोखर थांबा. रडताना तोंड उघडेच असते, तेवढ्यात दाढा होतात. लसीकरणाच्या वेळी तो रडला म्हणून आपण घरी परत आलो नाही, आणि त्याने तुमच्यावर डूखही धरला नाही. दहा म्हणजे दहाच हे त्याला आठवडाभरात कळते आणि रडणे ओसरते. पाळणाघरातल्या ताईंनाही जेवणानंतर पाणी पाजायला सांगून ठेवा.

महिन्यातून एकदा खिडकीशी उजेडात वरचा ओठ उचलून हिरडीलगतची कड पाहावी. तिथे खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची पहिली खूण असते, आणि या टप्प्यावर फ्लोराइडचा लेप लावून कीड थांबवता येते. पिवळट-तपकिरी खड्डा होईपर्यंत थांबू नये. खरे तर पहिल्या वाढदिवसापर्यंत मुलाला एकदा दंतवैद्याला दाखवून घ्यावे. तुमचे राहिले असेल तर या महिन्यात जा. खर्चाची अडचण असेल, तर भारती विद्यापीठाच्या धनकवडीच्या आणि आझम कॅम्पसच्या रंगूनवाला दंत महाविद्यालयांत बालदंत विभाग आहेत.

प्रश्न : माझी नात साडेतीन वर्षांची आहे. तिला ब्रश करायला फार आवडते, पण ती कोणाला हात लावू देत नाही आणि पेस्ट गिळते. आमच्या धायरीतल्या सोसायटीत बोअरचे आणि टँकरचे पाणी येते. पेस्ट बंद करून काळे दंतमंजन किंवा कडुलिंबाची काडी दिली तर चालेल का?

— एक आजोबा, धायरी

उत्तर : आपण पाण्याचा विचार केलात हे फार चांगले झाले. महापालिकेचे खडकवासल्याचे पाणी धरणाचे, म्हणजे पावसाचे साठलेले असते. जमिनीखालच्या पाण्यात मात्र ठिकाणानुसार फ्लोराइड कमी-जास्त असते. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत ते इतके जास्त आहे की दातांवर डाग पडतात. म्हणून सोसायटीच्या बोअरच्या पाण्याची एकदा प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्यावी, आणि अहवालात फ्लोराइड दर लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या वर निघाले तर तो अहवाल दंतवैद्याला दाखवून पेस्टबद्दल विचारावे.

तोवर पेस्ट बंद करू नका. तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. ट्यूब उंच ठेवावी आणि पेस्ट मोठ्यांनीच लावून द्यावी. दंतमंजन खरखरीत असते आणि लहान दातांचे आवरण त्याने झिजते. कडुलिंबाची काडी या वयात हिरडीला लागते, आणि तिच्याने मागच्या दाढा साफ होत नाहीत. घरात कोणी मिसरी लावत असेल तर ती नातीच्या हाती कधीही लागू देऊ नये. ती तंबाखू आहे.

मूल स्वतः नीट ब्रश करू शकते ते साधारण सात-आठ वर्षांचे झाल्यावर, म्हणजे बुटाची नाडी बांधण्याइतके बोटांना वळण आल्यावर. तोपर्यंत आधी तिने आणि नंतर मोठ्यांनी, असा क्रम ठेवा. आपण आरशासमोर तिच्या मागे उभे राहा, तिचे डोके आपल्या पोटाशी टेकू द्या आणि वरून वाकून घासा. ‘आजोबांचे दात तू तपास, मग तुझे मी’ असे म्हटले तर बहुतेक ती तयार होईल. थुंकायला शिकवताना आधी नुसत्या पाण्याने अंगणातल्या कुंडीत पिचकारी मारायला लावा. ब्रश झाल्यावर फेस थुंकायचा, पण खळखळून चूळ भरायची नाही. आपल्या पिढीला हे विचित्र वाटते, मात्र दातांवर राहिलेला पेस्टचा पातळ थरच रात्रभर काम करतो.