वडिलांची लघवी दोन दिवसांपासून कमी झालीय, किती थांबावं?

तुमचे वडील ६२ वर्षांचे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर काम, गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक ही दुखण्यावरची गोळी चालू, आणि दोन दिवस लघवी थोडी नि गडद. आणखी थांबावं का, असं तुम्ही विचारलंय. मी म्हणेन, थांबू नका, आजच दाखवा. सोलापूरच्या मे महिन्यात मागाच्या शेडमध्ये घामावाटे बरंच पाणी जातं. पाणी कमी पडलं की मूत्रपिंड आपल्याकडे येणारी रक्तवाहिनी उघडी ठेवून रक्तपुरवठा सांभाळतं. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन नेमकं तेच बिघडवतात. म्हणून ती गोळी आत्ताच बंद करा. बीपीची किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर ती घ्यायची का, हे डॉक्टरांना आजच विचारा.

अंदाजावर जाऊ नका, मोजा. लिटरच्या रिकाम्या बाटलीचं तोंड कापा, मापाच्या कपाने शंभर-शंभर मिली पाणी ओतत पेनाने खुणा करा आणि दर वेळची लघवी वेळेसकट लिहून ठेवा. मोठ्या माणसाला तासाला, दर किलो वजनामागे निदान अर्धा मिली हवी. ६० किलोच्या माणसाला सहा तासांत १८० मिली, म्हणजे जेमतेम एक पेला. २४ तासांत ४०० मिलीच्या आत असेल तर ते धोक्याचंच.

एक गोष्ट मात्र आधी बघा: लघवी तयारच होत नाहीये, की अडकलीय? बेंबीखाली पोट फुगलेलं, दाबलं की दुखतंय, जोर करूनही थेंब थेंब येतंय, तर बहुधा प्रोस्टेटमुळे, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथी वाढल्यामुळे, अडकलीय. या वयात हे नेहमीचं, आणि सर्दीच्या काही गोळ्यांनीही अडकते. अशा वेळी पाणी पाजत राहिलात तर त्रास वाढेल. तिथे नळी घालूनच सुटका.

अडकलेली नसेल, पायांवर सूज नसेल, हृदयाचा किंवा किडनीचा आजार नसेल, तर दवाखान्यात पोहोचेपर्यंत ओआरएस घोट घोट द्या. एक लिटरचं अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात, एका पेल्यात चिमूटभर नको. कोल्ड्रिंक नको.

आठ-दहा तास थेंबही नाही, धाप लागतेय, तोंड सुजलंय, माणूस बरळतोय, छातीत धडधडतंय, उलट्या थांबत नाहीत किंवा लघवीत रक्त दिसतंय, तर १०८ ला फोन करा किंवा थेट सिव्हिल गाठा. लघवी होईनाशी झाली की रक्तात पोटॅशियम साचतं, ते वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, आणि ते घरी कळत नाही.

तिथे क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट काम करतंय का हे दाखवणारी रक्तचाचणी), पोटॅशियम, लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी सांगतील. पहिल्या दिवशी क्रिएटिनिन नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. ते उशिरा चढतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा करायला सांगितलं तर नक्की करा. जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि ती मापाची वही सोबत न्या.