चिरूट, सिगार आणि सुरळीची वडी

प्रश्न नाशिकरोडच्या एका वाचकाचा आहे. जुन्या मराठी गोष्टींतला गोरा साहेब 'चिरूट' ओढतो आणि हल्लीच्या लिखाणातला उद्योगपती 'सिगार', तर वस्तू एकच का? आणि चिरूट हा इंग्रजीच शब्द ना?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण गंमत तिथे आहे. चिरूट इंग्रजी नाही, तो तमिळ 'सुरुट्टु'. सुरुट्टु म्हणजे गुंडाळणं आणि गुंडाळलेली वस्तूही. दक्षिणेच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी तो उचलला, सतराव्या शतकात इंग्रजांच्या तोंडी बसला. आपण तो साहेबाच्या तोंडात पाहिला (शब्दशः!), म्हणून त्याचाच समजलो. तिरुचिरापल्लीचे चिरूट एकोणिसाव्या शतकात विलायतेपर्यंत जात होते. पोर्तुगीज माणूस तर आजही अस्सल हवाना सिगारला 'शारुतु' म्हणतो.

याच सुरुट्टुच्या घराण्यात तमिळ 'सुरुळ' आहे, कन्नड 'सुरुळी' आहे आणि माझ्या मते आपली 'सुरळी'ही आहे. बेसन शिजवून ताटाच्या पाठीवर पातळ पसरायचं, सुरीने पट्ट्या पाडायच्या, खोबरं-कोथिंबीर भुरभुरून गुंडाळायचं. त्या वडीचा हा लांबचा भाऊ लंडनच्या क्लबात धूर काढत बसला होता.

आपली विडीही अशीच, गुंडाळण्यावरून आलेली. संस्कृत 'वीटिका' म्हणजे गुंडाळलेलं विड्याचं पान. त्यातूनच विडा आणि विडी. नाशिकहून पाऊण तासावर सिन्नर, विड्यांचं गाव. तिथे बाई मांडीवर सूप घेऊन बसते. भिजवून मऊ केलेलं टेंभुर्णीचं पान मापाच्या पत्र्यावर धरून कात्रीने कापते, चिमूटभर जर्दा टाकते, बोटांनी वळते, टोकं दुमडते, दोरा मारते. गप्पा चालू असतात, नजर पानावर नसतेच. मजुरी मात्र हजारी हिशेबावर.

आता फरक. चिरूट दोन्ही टोकांना सरळ कापलेला, उघडा. खिशातून काढा, पेटवा. सिगारचं तोंडाकडचं टोक बंद असतं, पेटवण्याआधी ते छाटावं लागतं. सिगारचा सगळा थाट इथून सुरू होतो: छाटणी, सावकाश शिलगावणं, आणि धूर छातीत न घेता तोंडात घोळवणं. मोठी सिगार तासभर पुरते. मला वाटतं, शौकिनांना त्या तासाचंच जास्त अप्रूप असतं.

'सिगार' स्पॅनिश 'सिगार्रो'वरून आली आणि तो बहुधा माया लोकांच्या धूर ओढण्याच्या क्रियापदावरून. १४९२ साली कोलंबसाच्या दोन माणसांनी क्यूबात पेटलेली पानांची गुंडाळी पाहिली, तिथून युरोपची कथा सुरू. सिगारमध्ये कागद नसतो, आत-बाहेर सगळा तंबाखूच. म्हणून स्पॅनिशमध्ये तिला 'पुरो', म्हणजे शुद्ध, असंही म्हणतात. आत भरलेल्या पानांचं नाव 'त्रिपा', म्हणजे आतडी. त्यांना बांधून ठेवणारं पान 'कपोते' आणि वरचं देखणं पान 'कापा'. दोन्हींचा अर्थ अंगावर घ्यायचा झगा. हवानाच्या कारखान्यांत १८६५पासून कामगार पदरच्या पैशाने वाचक ठेवत आले. पानं वळताना वर्तमानपत्रं ऐकायची, मग कादंबऱ्या. 'मोंतेक्रिस्तो' हे सिगारचं प्रसिद्ध नाव अशाच एका आवडत्या कादंबरीवरून पडलं, असं सांगतात.

थोडं विषयांतर. नाशिककरांनी शब्द नुसते घेतलेले नाहीत. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मायदेशी नेणाऱ्या बोटीची वाट बघून डोकं फिरलेल्या गोऱ्या शिपायांमुळे इंग्रजीत वेड्याला 'डूलॅली' म्हणतात. पूर्वी त्याला 'टॅप' जोडलेला असे, म्हणजे आपला ताप.

राहिलं लिंग. माझ्या कानाला 'चिरूट पेटवला' आणि 'सिगार पेटवली' बरोबर लागतं. सिगार बहुधा सिगारेटच्या आणि विडीच्या ओढीने स्त्रीलिंगी झाली. कोणी 'सिगार पेटवला' म्हटलं तरी मी अडवणार नाही. पण १९०० सालच्या कलेक्टरच्या हाती गोष्टीत काय द्यायचं विचाराल, तर चिरूटच द्या.